गुंडीएवढी वीज

आमच्या कचेरीतील टेबलावर काचेची एक बरणी असते. मूळची ती लोणच्याची. धर्मग्रामातील एका माउलीने कैरीचे लोणचे घालून दिली होती. लोणचे संपले, बरणी राहिली. आता तिच्यात चंदेरी रंगाच्या बारीक चकत्या आहेत आणि प्रत्येक चकतीला पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला किंवा लग्नाची तारीख ठरवायला आलेली माणसे वाट पाहता पाहता त्या बरणीकडे पाहत राहतात. काहींना ती जुनी नाणी वाटतात. एका सद्गृहस्थांनी तर खिशातून पाच रुपयांचे नाणे काढून "फादर, कशासाठी निधी?" असे विचारीत ते बरणीत टाकलेही. नाणे आम्ही दानपेटीत हलवले. प्रश्नाचे उत्तर मात्र दाखल्यावर सही करता करता देण्यासारखे नव्हते. म्हणून आज लिहावयास बसलो आहोत.

त्या चकत्या म्हणजे बटणसेल. 'घड्याळाचा सेल' म्हटले की सर्वांना कळते, परंतु त्यांचा मुक्काम आता घड्याळापुरता राहिलेला नाही. एका पावसाळी दुपारी आम्ही धर्मगुरुनिवासात फिरून मोजदाद केली. ताप मोजण्याचे थर्मामीटर, हिशेबाचा कॅल्क्युलेटर, किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारी चिमुकली बत्ती, धर्मशिक्षणाच्या तासाला पडद्यावर लाल ठिपका टाकणारी लेझरची कांडी, मनगटावरील घड्याळ, वजनकाटा, आणि कपाटाच्या तळाशी एक शुभेच्छापत्र, उघडताच नाताळचे गाणे वाजवणारे. ते कोणी पाठवले, कोणत्या वर्षी, काहीच आठवले नाही. सूर मात्र अजून निघत होता. थोडा बसका, पडसे झालेल्या माणसाच्या आवाजासारखा. साधेपणावर वर्षातून चार प्रवचने देणाऱ्या माणसाच्या घरात अकरा सेल सापडले.

आमच्या लहानपणी सेल ही अशी दडून बसणारी वस्तू नव्हती. पहाटे वाडीत पाणी सोडायला जाताना वडील जी बॅटरी नेत, तिच्यात चांगले जाडजूड तीन सेल मावत. प्रकाश मंदावला की आई ते सेल कौलांवर उन्हात ठेवी, आणि उन्हाची ऊब लागून त्यांच्यात घटकाभर जीव परत येई. अगदीच मेले की आम्ही पोरे ते दगडाने फोडीत असू, आतली काळी कांडी काढून ओट्यावर रेघोट्या ओढीत असू. हात काळे होत, आई ओरडे, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटे. सेलचा उपद्रव तो एवढाच, ही आमची तेव्हाची समजूत. ती पन्नाशी उलटेपर्यंत टिकून राहिली, हे आज सांगताना संकोच वाटतो.

बटणसेलाची पहिली ओळख झाली ती सेमिनरीत. आखातातून आलेल्या मामांनी आकडे दाखवणारे घड्याळ दिले होते. सेमिनरीत दिवस घंटेवर चाले, तेव्हा घड्याळाची गरज अशी नव्हतीच. पण दिवे मालवल्यावर पांघरुणाखाली त्याचे बटण दाबून आकडे उजळवण्यात जे सुख होते ते घंटेत नव्हते. दीड वर्षाने आकडे विझले. सुट्टीत घरी आलो तेव्हा नाक्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. डोळ्याला भिंग लावलेले काका सेल उचलण्यासाठी लोखंडी नव्हे तर प्लॅस्टिकचा चिमटा वापरीत. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेल आपल्याआपण रिता होत जातो, असे ते म्हणाले. मग सेलच्या पाठीवरील अक्षरे त्यांनी भिंगाखाली धरून दाखवली. पुढे अनेक वर्षांनी त्या अक्षरांचा उलगडा करण्याची वेळ आमच्यावर आली, तेव्हा काकांचे ते भिंग आठवले.

अक्षरांचा अर्थ असा. 'एलआर' म्हणजे अल्कलाइन आणि गोल. 'एसआर' म्हणजे चांदीच्या ऑक्साइडचा. 'सीआर' म्हणजे लिथियमचा. पुढच्या आकड्यांत सर्वत्र सारखी रीत नाही. सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे आकड्यांतच त्याचे माप आले. उलट एलआर ४४ मधील ४४ हे माप नव्हे, नुसता क्रमांक. तो सेल ११.६ मिलिमीटर रुंद आणि ५.४ मिलिमीटर जाड असतो. त्यालाच कोणी एजी-१३ म्हणतो, कोणी ए-७६. त्याचे धाकटे भावंड एलआर ४१, म्हणजेच एजी-३, अवघे ७.९ मिलिमीटर रुंद. सदऱ्याच्या गुंडीहूनही लहान. थर्मामीटरच्या शेपटीत बहुधा हाच असतो.

दिसायला एवढासा असला तरी आत संसार पुरता आहे. तळाच्या पोलादी डबीत मँगनीज डायऑक्साइडची काळी वडी, वर कागदासारखा पडदा, त्यावर जस्ताची भुकटी, आणि या सर्वांना भिजवणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाहक पाणी. वरचे झाकण डबीला टेकू नये म्हणून भोवती नायलॉनचे कडे. रुंद डबी ती धन बाजू, अरुंद झाकण ती ऋण. दीड व्होल्ट दाब. जस्त झिजत जाते, दाब हळूहळू उतरतो, आणि गाणे बसके होते. चांदीचा सेल तसा नाही. तो शेवटपर्यंत जवळजवळ एकाच दाबाने चालतो आणि एकाएकी थांबतो. म्हणून काका चांगल्या घड्याळात अल्कलाइन सेल घालीत नसत. स्वस्त पडतो, पण जुना झाला की पाझरून आतली चक्रे खातो, असे ते म्हणत.

ही कल्पना मूळची इटलीतील व्होल्टांची. १८०० साली त्यांनी जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, प्रत्येक जोडीमध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला, आणि त्या थप्पीतून वीज वाहू लागली. सेमिनरीत शास्त्राचा इतिहास शिकवताना हे आम्हांस सांगितले होते. व्होल्टा आपल्याच धर्माचे म्हणून प्राध्यापकांना त्यांचे कौतुक अंमळ जास्त. आमच्या मनात मात्र तो भिजलेला पुठ्ठा राहिला. धातू कितीही असोत, मधे ओल नसेल तर काही घडत नाही.

आणि ओल कोठे नसते? येथून पुढचे लिहिणे आम्ही बरेच दिवस टाळले.

२०२२ सालच्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील मुलांनी गोठ्याचे नाटुकले बसवले होते. दोन वर्षे महामारीने सारे बंद होते, त्यामुळे उत्साह दांडगा. देवदूत, मेंढपाळ, तारे, तीन राजे मिळून ऐंशी मुले. शेवटी सर्वांनी पेटत्या मेणबत्त्या घेऊन गोठ्याभोवती उभे राहायचे, असे सिस्टरांनी योजले होते. आम्ही हरकत घेतली. देवदूतांचे पंख कागदाचे, मेंढपाळांच्या दाढ्या कापसाच्या. एक ठिणगी पडली तर काय होईल? आम्हीच मुंबईच्या बाजारातून खेळण्यातल्या मेणबत्त्या आणल्या. प्लॅस्टिकचे बुटके खोड, वर पिवळी ज्योत, खाली खटका. आत एजी-३ जातीचे तीन सेल. ऐंशी मेणबत्त्या, दोनशे चाळीस सेल. हा गुणाकार तेव्हा केला नव्हता. सेलच्या झाकणाला स्क्रू नव्हता, नखाने ते उघडत होते. हेही तेव्हा पाहिले नव्हते. पालकांसमोर मात्र आम्ही अभिमानाने सांगितले की, यंदा विस्तवाची भीती नाही.

२६ डिसेंबरच्या संध्याकाळी नाटुकले झाले. दिवे मालवले आणि ऐंशी पिवळ्या ज्योती लुकलुकल्या. आयांचे डोळे पाणावले, आमचेही. मुलांनी मेणबत्त्या परत देऊ केल्या, तेव्हा "घरी न्या, आठवण म्हणून" असे म्हणणारे आम्हीच.

सर्वांत लहान मेंढपाळ चार वर्षांचा होता. त्याचे घर बावखलाच्या पलीकडे, केळीच्या वाडीला लागून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मेणबत्ती उघडली. सेल निघाले, त्यांतील एक त्याने नाकात घातला. का घातला, हे चार वर्षांच्या मुलाला विचारायचे नसते. संध्याकाळी नाक वाहू लागले. आजीने वाफ दिली, कपाळाला बाम चोळला, घरात होते ते थेंब आईने नाकात सोडले. डिसेंबरच्या थंडीत मुलाचे नाक वाहिले तर यापेक्षा निराळे कोण काय करील? थेंब सोडू नयेत, ओलीने त्या चकतीचे काम अधिक जोरात चालते, हे आम्हांस नंतर कळले.

२८ डिसेंबर हा निरपराध बालकांच्या स्मरणाचा दिवस. त्या सकाळी मिस्सानंतर आया मुलांना आशीर्वादासाठी घेऊन येतात. तो मेंढपाळही आला. एकाच नाकपुडीतून काळपट पाणी येत होते, आणि जवळ वाकलो तेव्हा त्याला वास येत होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून आम्ही प्रार्थना म्हटली आणि आईला म्हणालो, "सर्दी आहे. थंडीत बाहेर सोडू नका." एवढे म्हणून पुढच्या मुलाकडे वळलो. रांग मोठी होती.

त्या रात्री मूल कळवळून रडू लागले, तेव्हा घरच्यांनी त्याला शहरातील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. क्ष-किरणाच्या चित्रात नाकात एक गोल दिसला, कडेला आत आणखी एक वर्तुळ असलेला. नाणे असते तर कड एकच दिसली असती, असे डॉक्टरांनी नंतर आम्हांस समजावून सांगितले. त्यांनी मुलाला भूल देऊन सेल काढला. तो काळा पडला होता. सेल पडद्याला जेथे टेकला होता, तेथे दोन्ही नाकपुड्यांमधील पडदा जळून गेला होता.

जळून म्हणजे कसा? आमची समजूत अशी की, सेल फुटून त्यातील दाहक पाणी सांडले असावे. डॉक्टर म्हणाले, ते घडू शकते, पण मुख्य कारण ते नव्हे. ओल्या त्वचेला दोन्ही बाजू लागल्या की सेल आपले नेहमीचेच काम करू लागतो, वीज सोडतो. त्या विजेने ऋण बाजूपाशी अंगातील पाणी फुटते आणि तेथल्या तेथे तीव्र अल्कली तयार होते. सेल अखंड असतो. दाह शरीराच्याच ओलीतून उपजतो. व्होल्टांचा भिजलेला पुठ्ठा आम्हांस त्या क्षणी आठवला. चार वर्षांच्या मुलाचे नाक ही त्या पुठ्ठ्याची जागा झाली होती.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वाचले. अपराधी माणूस वाचनात आसरा शोधतो, हे कबूल. गिळलेला लहान अल्कलाइन सेल पोटात उतरला तर बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप बाहेर पडतो. पण तो उतरला आहे की वाटेत अडकला आहे हे चित्र काढल्याविना कळत नाही, म्हणून वाट पाहत घरी बसणे चुकीचे. लिथियमचा २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. उपकरण चालत नाही म्हणून फेकून दिलेल्या सेलातही एवढे करण्याइतकी शक्ती बरेचदा शिल्लक असते. उलटी काढू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास उलटले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत, असे अमेरिकेतील विषबाधेवर सल्ला देणारे केंद्र सांगते. मात्र मध शोधण्यासाठी एक मिनिटही थांबू नये. त्याच देशात टेक्सासमधील दीड वर्षाची एक मुलगी असा सेल गिळून २०२० साली दगावली आणि २०२२ साली तिच्या नावाने कायदा झाला: सेलचे झाकण मुलाला उघडता येता कामा नये. आमच्या मेणबत्त्यांचे झाकण आमच्या करंगळीच्या नखाने उघडत असे.

त्यांच्या घरी आम्ही गेलो ते वर्षाच्या अखेरच्या दिवशी. मनाशी वाक्ये जुळवली होती. ओसरीवर बसलो आणि एकही आठवेना. मुलाचे वडीलच म्हणाले, "फादर, चूक आमचीच. आमचं लक्ष नव्हतं." आजीने चहा केला. आई दारात उभी होती, ती काही बोलली नाही. वडिलांच्या त्या वाक्याने आमच्या छातीवरचा दगड उतरला, हे खरे सांगतो. आणि इतक्या चटकन उतरला याची लाज बावखलाच्या काठाने परत येताना वाटली. पापनिवेदनाला येणाऱ्यांना आम्ही सांगत असतो की, क्षमा मिळणे निराळे आणि भरपाई करणे निराळे. त्या ओसरीवर ते आम्हीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, १ जानेवारी २०२३. मिस्साच्या शेवटी झाला प्रकार आम्ही वेदीवरून सांगितला, मुलाचे नाव न घेता आणि स्वतःचे घेऊन. मेणबत्त्या परत आणा, घरातील बाद सेलही आणा, अशी विनंती केली. ऐंशीपैकी त्रेपन्न मेणबत्त्या आल्या. उरलेल्या सत्तावीस कोठे आहेत? काही कचऱ्यात गेल्या, काही माळ्यावर असतील. दोन तर आम्ही स्वतः बावखलाच्या कडेला शेवाळात पडलेल्या पाहिल्या आणि काठीने ओढून काढल्या. त्यांतील सेल पांढऱ्या बुरशीसारख्या थराने माखले होते. आतील पाणी पाझरून हवेतील कार्बन डायऑक्साइडशी मिळाले की हा थर धरतो.

बावखलाचा विचार आम्हांला पूर्वी शिवलाही नव्हता. या सेलांतील जस्त गंजून वायू धरू नये म्हणून पूर्वी त्यात पारा घालीत. अमेरिकेने १९९६ साली कायदा केला तेव्हा अल्कलाइन बटणसेलात २५ मिलिग्रॅमपर्यंत पाऱ्याला मुभा ठेवली होती. युरोपने २०१५ साली बटणसेलांतील पारा बंद केला. भारतानेही पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१८ साली स्वीकारला. गंमत अशी की, फुटला तर पारा सांडतो म्हणून काचेचा थर्मामीटर आम्ही मोठ्या शहाणपणाने टाकून दिला आणि आकड्यांचा आणला. त्याच्या पोटातील सेल कोणत्या काळातला, कोणत्या कारखान्यातला, हे कोणी पाहिले?

आणखी एक गोष्ट. आमच्या नाटुकल्याच्या चार महिने आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, भारत सरकारने बॅटरी-कचऱ्याविषयी नवे नियम केले. आधीचे २००१ चे नियम मोटारींत असतात तशा शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते; नव्यांत असले चिमुकले सेलही आले. बाद सेल घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा, असे कर्तव्य वापरणाऱ्यावर घातले आहे. कर्तव्य चांगले आहे. द्यावा कोठे, हे मात्र गावातील माणसाला सहज समजत नाही. दुकानदार हात वर करतो, घंटागाडीवाला हसतो. म्हणून बरणी. ती भरली की ई-कचरा गोळा करणाऱ्या एका संस्थेचा माणूस येऊन नेतो. गेल्या वेळी त्याला यायला सात महिने लागले. चिकटपट्टी एवढ्यासाठी की, सुटे सेल एकमेकांना भिडले तर आतल्या आत वीज वाहून तापतात. पट्टी गुंडाळण्याचे काम आम्ही रात्री जेवणानंतर स्वतः करतो. सिस्टर म्हणाल्या, मुलांना सांगू या, त्यांना हौस असते. मुलांना नको, एवढेच आम्ही म्हणालो.

पुढच्या वर्षी नाताळात मुलांच्या हाती काय द्यावे, यावर समितीत बराच खल झाला. कोणी म्हणाले मेण, कोणी म्हणाले स्क्रूचे झाकण असलेल्या चांगल्या मेणबत्त्या मिळतात. मिळतातही. शेवटी मुलांनी हातात नुसत्या कागदी चांदण्या धरल्या आणि उजेड गोठ्यावरच्या एका मोठ्या दिव्याचा पडला. नाटुकले गेल्या खेपेइतके रंगले नाही, असे पुष्कळांचे मत पडले. आमचेही तेच आहे.

तो मेंढपाळ आता प्रथम कम्युनियनच्या वर्गात बसतो. अभ्यासात हुशार आहे, प्रश्न फार विचारतो. त्याच्या नाकातील पडद्याला भोक राहिले आहे. मोठा झाल्यावर ते शिवता येईल की नाही ते पाहू, असे डॉक्टर म्हणतात. त्याला त्याचा त्रास फारसा नाही. भोक लहान आहे, म्हणूनच श्वास घेताना बारीक शीळ वाजते. वर्गात गलका असतो तेव्हा ती ऐकू येत नाही. तास संपताना आम्ही मुलांना डोळे मिटून एक मिनिट शांत बसायला सांगतो. ते मिनिट सुरू झाले की तिसऱ्या बाकावरून ती शीळ येऊ लागते.